कुटुंबप्रमुखाचा नंबर

गोदाचा मोबाईल नंबर मला तोंडपाठ होता. तरी फॉर्मवर मी तिच्या नवऱ्याचा नंबर लिहिला, आणि ती गेल्यावर पाच महिने हे कुणाजवळ बोलले नाही.

मी रेणुका, हायवेवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रकल्प सहाय्यक. नाव मोठं, काम पायपिटीचं. आमच्या कॉलेजाचा परदेशातल्या एका विद्यापीठाशी करार झाला होता. पुरात टिकून राहणारी शहरं कशी करायची, यावर दोघांनी मिळून संशोधन करायचं. त्यासाठी त्यांनी आमचं कोकणातलं खेड निवडलं. जगबुडी नदीच्या पुलाखाली पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवलं. पाणी धोक्याच्या रेषेला टेकायच्या आधीच काठावरच्या दोनशे बारा घरांना मोबाईलवर इशारा जाणार होता. यंत्र त्यांचं, संगणक आमच्या नितेश सरांचा, आणि घरोघर फिरून फॉर्म भरायचे मी. साहेब लोकांच्या बुटांना चिखल थोडाच सोसतो!

फॉर्मवर रकाना होता, ‘कुटुंबप्रमुखाचा मोबाईल नंबर’. आता आमच्याकडे कुटुंबप्रमुख कोण, हे काय विचारायला हवं? तो असतो मुंबईला. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, बाकी वर्षभर घर बाईच्या डोक्यावर. तरी बायका त्याचाच नंबर सांगायच्या आणि मी मुकाट्यानं लिहायचे. नदी इथं, बाई इथं, आणि इशारा जाणार मुंबईला, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. तिकडून प्रकल्प बघणाऱ्या परदेशातल्या बाईंना इथलं ठाऊक नव्हतं म्हणून त्यांना दोष कसा देऊ? मी इथलीच, आणि बाईमाणूसच.

गोदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. बाजारपेठेत तिचा सुक्या मासळीचा गाळा होता. हर्णेहून सोडे, बोंबील आणायची आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडायची. नवरा अमरदीप मुंबईला एका कारखान्यात कामाला. तिच्या गाळ्यात बसून, तिनंच दिलेला चहा पीत मी तिचा फॉर्म भरला.

जुलैतल्या त्या सकाळी मी कॉलेजातच होते. दहा वाजून बारा मिनिटांनी यंत्रानं इशारा सोडला आणि मेसेज पोचेल तसा पडद्यावर एकेक नंबर हिरवा होत गेला. दोनशे बाराच्या दोनशे बारा. तिकडून व्हिडिओवर परदेशातल्या बाई टाळ्या वाजवत होत्या, इकडे नितेश सर पेढे मागवायला निघाले होते. मीही हसत होते, मेली! गोदाला एक फोन करावा असं मनातसुद्धा आलं नाही. मेसेज गेलाय म्हणजे तिला कळलंय, असंच धरून चालले.

पावणेअकराला पाणी नाल्यातून उलटं फिरलं आणि बाजारपेठेत मागच्या बाजूनं शिरलं. गोदा गाळ्याच्या आतल्या खोलीत माल बांधत होती. पावसाचे सपकारे येतात म्हणून तिनं शटर अर्धं ओढलेलं, ते पाण्याच्या दाबानं अडकलं. दुपारी तिला बाहेर काढली.

अमरदीपनं सगळ्यांना एकच सांगितलं. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत मेसेज बघितला, तोवर सगळं संपलं होतं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही तो हेच बोलत होता, कुणी विचारलं नाही तरी. मग नोकरी सोडून गावात येऊन बसला. त्याची आई कमलाबाई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “पोर जेवत नाय गो. मीच तिला मारली म्हणतो. तू शिकलेली हायस, तू तरी समजाव.”

डिसेंबरात अहवाल तयार झाला. त्यात लिहिलं होतं, ‘इशारा शंभर टक्के घरांपर्यंत पोचला.’ मी सरांना म्हटलं, “सर, गोदा?” ते म्हणाले, “रेणुका, वाईट मलाही वाटतं. पण इशारा पोचल्यावर माणूस काय करतो, ते आपल्या अभ्यासात येत नाही.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांच्यावर ओरडायला माझं तोंड कुठं होतं? दुसऱ्या दिवशी परदेशातल्या बाई येणार होत्या, अहवालाची सभा होती. तिथं उभं राहून सगळं सांगायचं मी ठरवलं. पण आधी अमरदीपला सांगायला हवं होतं. निदान त्याचं ओझं तरी उतरेल.

दुपारीच गेले. तो ओटीवर बसला होता, दाढी वाढलेली, हातापायांच्या काड्या झालेल्या. कमलाबाई पाणी देऊन आत गेली.

“भावोजी,” मी म्हटलं, “चूक तुमची नाही. गोदाचा नंबर मला पाठ होता, तरी फॉर्मवर मी तुमचा लिहिला. मेसेज तिच्या फोनवर गेलाच नाही. तुमचा फोन लॉकरात होता, त्याला तुम्ही काय करणार? उद्या सभेत मी हे सांगणार आहे.”

त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाला, “फोन लॉकरात नव्हता.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“सव्वादहाला चहाला बाहेर आलो होतो. हातातच होता. वाचला मी मेसेज.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “म्हटलं, तुम्ही घरोघर फिरलाय, म्हणजे तिलाही आलाच असणार. आणि नदी काय तिला नवीन हाय? माझ्यापेक्षा तिलाच जास्त कळतं. चहा प्यायलो आणि आत गेलो. एक फोन, रेणुकाताई. एक फोन नाय केला मी.”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. कमलाबाईनं ऐकलं असणार.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्या परदेशातल्या बाईलाही ठाऊक होतं,” तो म्हणाला. “नव्हतं ते फक्त तिला.”

मी मान खाली घातली. मला रडू आवरेना.

“उद्या सांगाल ना सभेत, माझंही सांगा,” तो म्हणाला. “लॉकरचं खोटं होतं म्हणून सांगा.” मग पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं. “माझा नंबर लिहिलात, तेव्हा ती काय म्हणाली?”

गोदा म्हणाली होती, “ह्यांचाच घाल गो. ह्यांना मेसेज आला की हे पहिला फोन मलाच करतील. तो फोन आला की गाळ्यातून उठेन मी.”

“काही नाही,” मी म्हटलं. “गाळ्यात गिऱ्हाईक होतं. तिचं लक्षच नव्हतं.”