माझ्या अंगावरचा हळदीचा डाग

मित्रांनो, आता माझ्याकडे बघून मला कोणी फुटबॉल म्हणणार नाही. चामडं वाळलं, वादी तुटली, ब्लॅडर केव्हाच फाटला. शाळेच्या कपाटात फळा पुसायच्या फडक्यांखाली मी पडलो आहे. पण माझेही दिवस होते बरं!

केवळराम गुरुजींनी मला नागपूरहून एस.टी.त मांडीवर बसवून आंबागडला आणलं. दर शनिवारी ते मला जवसाचं तेल चोळायचे. पोरं मला लाथा मारायची, आणि तोच माझा मान होता.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. धान कापून झाल्यावर बोडीच्या काठावर, म्हणजे गावच्या लहान तळ्याशेजारी, शेजारच्या बपेरा गावच्या पोरांशी सामना लागला. पंच आमचे गुरुजीच. शेवटची पाच मिनिटं उरली, गोल एकही नाही. तेवढ्यात मी बोडीच्या चिखलात जाऊन पडलो. गुरुजींनी मला दुपट्ट्याने लख्ख पुसलं आणि खेळ पुन्हा सुरू केला.

आमचा जागेश्वर मला घेऊन गोलाकडे सुटला. समोरून बपेऱ्याचा इश्वर धावत आला. सगळेच अनवाणी. इश्वरचा अंगठा धसकटाने कापला होता, म्हणून त्याच्या आईने हळद-तेल लावून चिंधी बांधली होती. ती चिंधी केव्हाच सुटली होती. त्याचा अंगठा आधी माझ्यावर बसला, आणि मग त्याच झोकात पाय जागेश्वरच्या नडगीवर आदळला. जागेश्वर कोसळला. शिट्टी वाजली.

झालं! सगळं गाव मैदानात घुसलं. जागेश्वरचे वडील ताराचंद काठी घेऊन पुढे आले. "गुरुजी, माह्या पोराचा पाय मोडला! काढा त्याले बाहेर!"

"पेनल्टी! पेनल्टी!" लोक ओरडत होते.

इश्वर हात जोडून म्हणाला, "मी बॉलले मारला जी. पाय मंग लागला."

"खोटं बोलून राहिला!" ताराचंद गरजले.

जाणूनबुजून मारलं तरच फाऊल, चुकून लागलं तर नाही, असा तेव्हाचा नियम. पंचाने बाहेर काढलेल्या पोराला तालुक्याच्या संघात जागा नाही, हे इश्वरला ठाऊक होतं. आणि खरं सांगू? पेनल्टी मलाही हवी होती. मी आंबागडचा ना! पण त्या पोराचं तोंड बघून मला माझीच लाज वाटली.

गुरुजींचा हात पेनल्टीच्या जागेकडे वळत होता. जागेश्वर पाय धरून गप्प पडला होता. गुरुजींनी मला उचललं, फिरवलं आणि थांबले. माझ्या अंगावर हळदीचा ओला, पिवळा डाग होता. आत्ताच तर त्यांनी मला पुसलं होतं, म्हणजे डाग इश्वरच्या अंगठ्याचाच; आणि नडगीवर अडकलेला पाय नंतर माझ्यापर्यंत पोचलाच नसता.

"ताराचंदभाऊ," ते म्हणाले, "पोराले लागलं, हे खरं. पण पाय आधी बॉलले लागला. ह्यानं मुद्दाम नाही मारलं. फाऊल नाही."

काय गलका उठला म्हणून सांगू! कोणी गुरुजींना फितूर म्हटलं, कोणी त्यांची टोपी उडवली. त्यांनी टोपी उचलून झटकली, लोकांना रेषेबाहेर काढलं आणि खेळ सुरू करायला मला दोन्ही पोरांच्या मध्ये धरलं. जागेश्वर लंगडत उभा राहिला. इश्वरने मात्र भीतीने पाय मागे घेतला.

गुरुजींनी मला सोडलं. तेवढ्यात जागेश्वर हळूच पुटपुटला, "मार ना बे, काहून भेऊन राहिला? मले मालूम आहे, तू मले नाही मारलं."

ते फक्त इश्वरने आणि मी ऐकलं. सामना बरोबरीत सुटला. इश्वर तालुक्याच्या संघात गेला. आणि गुरुजींशी गाव होळीपर्यंत बोललं नाही. ते एकटेच शाळेत यायचे, एकटेच मला तेल चोळायचे. जागेश्वर रोज समोरच्या बाकावर बसायचा, पण ते वाक्य त्याने मोठ्याने कधीच म्हटलं नाही.

मित्रांनो, मला तेल लावा, नका लावू, माझं आता काय राहिलं? पण खेळताना तुमचा पाय कोणाला लागला, तर आधी त्याला उठवा. आणि पडलेले तुम्ही असाल, खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. मला बोलता येत नव्हतं. जागेश्वरला येत होतं.