लेकीसाठी राखून ठेवलेला आवाज

मी बॅटरी बोलतेय. बोटाएवढी, एका नळीसारख्या यंत्रात कायमची बंदिस्त. आजारपणात ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, ती माणसं हे यंत्र गळ्याला लावून बोलतात. आवाज घरघरतो, पण शब्द कळतात.

माझे मालक बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. त्यांच्या आवाजानं म्हणे झोपलेले प्रवासी ताडकन उठायचे. त्या गळ्याची जबाबदारी मिळाली तेव्हा मी फुशारून गेले. पण नव्याचे नऊ दिवस! हळूहळू माझा दम कमी झाला, आणि पुन्हा भरायला अख्खी रात्र लागू लागली.

मालकांना घेऊन मालकीणबाई दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "काकू, फोन बघा, कॅमेरे बघा, कुठल्या कुठे गेले. बॅटरीची मात्र गोगलगायीची चाल. नवं यंत्र घेतलंत तरी थोड्याच दिवसांत पुन्हा हेच."

मला फार लागलं ते. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग मालकांनी काटकसर सुरू केली. दूर राहणाऱ्या लेकीचा फोन संध्याकाळी यायचा, त्यासाठी ते मला दिवसभर राखून ठेवत. बायकोशी नुसत्या खाणाखुणा. चहा हवा तर अंगठा ओठाला, मीठ कमी तर चिमूट. जेवण छान झालं, याची खूण मात्र कधी ठरलीच नाही.

"जन्मभर साऱ्या जगाला गाड्या सांगितल्यात, आणि घरच्या माणसाला दोन शब्द महाग झाले होय?" मालकीणबाई चेष्टेनं म्हणायच्या. ते हसून हातानंच सांगत, नंतर. संध्याकाळी मालक लेकीशी बोलत असताना त्या शेजारी बसून ऐकायच्या. मग यंत्र फडक्यानं पुसून मला चार्जिंगला लावायच्या.

एका दुपारी "जरा पडते" म्हणून त्या आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मालकांनी मला गळ्याला लावलं आणि साठवलेलं सगळं बोलत सुटले. लग्नाआधीचं, आजारपणातलं, सगळं. बोलता बोलता मी संपले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, बोला ना. आवाज येत नाहीये तुमचा. बरं, आईकडे द्या फोन."

मालक फोन कानाशी धरून नुसते उभे राहिले.

आमचं बॅटऱ्यांचं घराणं सुधारेल, पण सावकाश. तोवर माणसांनो, थोडा आवाज घरातही खर्चत चला. मी आता दिवसभर भरलेलीच असते. मालक स्वतःच रांधतात. पहिला घास घेतला की मला गळ्याला लावतात आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगतात, "तुझ्या हातची चव नाही गं याला."