भिंतीकडची कूस

शिंप्यानं खाटेच्या उशाशी भिंतीवर खडूनं तीन रकाने आखले होते. दार, पाठ, भिंत. बायकोच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं, जाताना बोलणंही घेऊन गेलं. तेव्हा घरी तपासायला येणाऱ्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचं नाही, अंगाखालच्या चादरीनं अलगद उचलून वळवायचं. हाड टेकतं तिथली कातडी लाल दिसली की बोटानं दाबायची. पांढरी पडून परत लाल झाली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर आतून जखम धरतेय. जखम फुटली की घर संपलं. मग वॉर्ड, आणि वॉर्डात भेटायला संध्याकाळचा एक तास.

त्याला हे चटकन कळलं होतं. कापड फाटतं नंतर, विरतं आधी. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी बुडाकडून उजेडाला धरून तो हेच बघत आला होता.

आज सिस्टरनं उजवा खुबा दाबला, बोट उचललं. लाली हलली नाही.

तिनं डावा खुबा पाहिला. नितळ, न वापरल्यासारखा. मग खडूच्या खुणा पाहिल्या.

"काका, भिंतीवर तीन कुशी आणि अंगावर दोनच. तिसरी कुणाला दिलीत?"

शिंप्यानं बायकोची चादर सारखी केली.

"भिंतीकडे वळवलं की रडते हो ती. आवाज नाही, नुसतं पाणी. मी दिसत नाही ना. आहे की गेलो, कसं कळावं तिला? म्हणून खूण भिंतीच्या रकान्यात करायचो, आणि तिला ठेवायचो दाराकडेच."

सिस्टर रागावली नाही, तेच त्याला जड गेलं. उजवी बाजू आता टेकवायचीच नाही, म्हणाली. परवा येईन, फुटलेली दिसली तर वॉर्डाची चिठ्ठी लिहावी लागेल.

ती गेल्यावर त्यानं शिलाई मशीन दारापर्यंत ढकललं. दार निम्मंच उघडेना का. मग लोखंडी खाट ओढली, थांबला, धाप टाकली, पुन्हा ओढली. भिंतीशी दीड वीत जागा झाली. बायकोला चादरीनं उचलून त्यानं भिंतीकडे वळवलं. तिचे डोळे भरायला लागले, तसा वळसा घालून तो पायथ्याकडून त्या फटीत शिरला. पाठ भिंतीला, गुडघे खाटेच्या पट्टीला. बसायला जागाच नव्हती.

"बघ, चिणला तुझा नवरा भिंतीत. आता कुठं पळतोय?"

तिचं पाणी थांबलं नाही, पण नजर त्याला धरून राहिली.

त्यानं वाकून खुबा दाबला. लाल. बऱ्याच वेळानं पुन्हा दाबला. लालच. पोटऱ्या लटलटायला लागल्या तरी तो हलला नाही.

दोन तास भरले. त्यानं खिशातला खडू काढला आणि मान न वळवता, हातानं चाचपत, तिसऱ्या रकान्यात रेघ ओढली. पहिली खरी. आयुष्यभर सरळ रेघा मारलेल्या हाताची ही वाकडी आली.

त्यानं पुन्हा खुबा दाबला. मग तिला पाठीवर वळवायला फटीतून बाहेर सरकू लागला, तिच्याकडे बघत, एकेक पाऊल.