वैशाखऱ्यात उतरलेला पाहुणा

परग्रहावरचा प्राणी वैशाखऱ्यात उतरूच शकत नाही, असं संपादकांचं म्हणणं पडलं. पुण्यात उतरू शकतो. प्रयोगशाळेची गच्ची असेल तर अगदी आरामात! आकाशातून खाली बघितलं की जणू पुणंच तेवढं दिसतं.

रविनाचं डोकंच फिरलं. वैशाखरे हे तिचं गाव. मुरबाडच्या एका शाळेत ती प्रयोगशाळा सांभाळायची आणि सुट्टीत विज्ञानकथा लिहायची. चार दिवाळी अंकांनी ही कथा साभार परत केली होती. पाचव्याने जवळजवळ घेतली, पण त्या 'जवळजवळ'मध्येच सगळी मेख होती.

कथा तशी साधी. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलात यान उतरतं. आतून जे बाहेर येतं त्याला ना चेहरा, ना नाव. शेतात वाकलेली गिरजा विचारते, "कोनाचा रं तू?" उत्तर येत नाही. मग आवणीच्या वेळी बांधावर आलेल्या कुणालाही देतात तशी भाताच्या रोपांची मूठ ती त्याला देते. एक मूठ लावली की तो त्या दिवसापुरता त्या घरचा, हा गावचा रिवाज. हातासारखं जे काही होतं त्याने तो मूठ घेतो, वाकतो आणि लावतो. संपली कथा. गिरजा म्हणजे रविनाची आई, नावासकट.

या पाचव्या अंकाच्या संपादकांनी कळवलं, "गाव ठेवायचंच असेल तर गावकरी घाबरू देत. बाईने देव समजून पाया पडावं. मग पुण्याचे शास्त्रज्ञ येऊन उलगडा करतील. वाचकांना हेच पटेल."

चार दिवस रविनाने घरात नुसती आदळआपट केली. पाचव्या दिवशी पोस्टकार्डावर 'सूचना मान्य' लिहून पेटीत टाकलं. छापून येण्याची हाव वाईट.

अंक आला तेव्हा भाताची झोडणी चालू होती. गिरजाने कच्ची गोष्ट उन्हाळ्यातच ऐकली होती. जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना खळ्यावर बसवलं. "माझ्या पोरीची गोष्ट हाय. मी हाय तिच्यात."

"मागनं वाचते," म्हणून रविनाने टाळून पाहिलं, पण ऐकतो कोण? वाचावंच लागलं. गोष्टीतली गिरजा किंचाळली, पाया पडली, हळदकुंकू वाहून मोकळी झाली.

शेजारची चंद्रकला खो खो हसली. "गिरजे, तू तं लय भित्री निघालीस गो!"

गिरजा हसली नाही. "मूठ कुठं गेली?"

"त्यांनी काढली, आये."

"आन् तू काढू दिलीस?"

रविना उखडलीच. "मग काय करू? तसं लिवलं तं कोन छापत नाय! त्यांना तुमी अशाच पायजे!"

गिरजाने पदराला चिकटलेलं तूस झटकलं. "बांधावर आलेल्याला मूठ न देता जी पाया पडली, ती बाय मी नाय. आपल्या गावची पन नाय. मंग कोनाची गो ती?"

खळ्यावरचे सगळे रविनाकडे बघू लागले. कथेखाली तिचं नाव ठळक अक्षरांत छापलं होतं.

"माझी," रविना म्हणाली.