सतराव्या नळीतले नर

मेलेली चिलटं मोजणं हे माझं काम. प्रयोगशाळेत रोज सकाळी एकेक नळी उजेडात धरायची, तळाशी पडलेली मोजायची, वहीत लिहायची. आमच्याकडच्या चिलटांच्या वाणात आईकडून एक दोष उतरतो. माद्यांना तो बाधत नाही. नर मात्र चाळीस दिवसांत संपतात. साहेबांना त्याचं भारी कौतुक. मला मात्र त्या नळ्यांत माझे तीन मामा दिसतात. तिघेही पन्नाशीच्या आत गेले, कशाने ते कुणी धड तपासलं नाही. दादा आता एकोणपन्नासचा आहे; त्याच्या हृदयाच्या तपासणीची तारीख मीच घेऊन ठेवली होती.

आणि सतराव्या नळीतले नर साठाव्या दिवशीही जिवंत होते. दहाच्या दहा! माझ्यासारखी खवट बाई हुरळली, यातच काय ते आलं. संध्याकाळी दादाला फोन केला, "जगतात रे! त्या नरांतलेही काही जगतात." तो किती दिवसांनी मोकळा हसला.

दोन दिवसांनी साहेबांनी ते दहा मायक्रोस्कोपखाली घ्यायला लावले. नराच्या पुढच्या पायावर काळ्या केसांचा बारीक कंगवा असतो. एकाच्याही पायावर तो नव्हता. सगळ्या माद्या. चिठ्ठ्या मी आधीच चिकटवून ठेवते: सोळावर माद्या, सतरावर नर. नळ्या भरताना दादाच्याच वयाचा धाकटा मामा गेल्याचा फोन आला आणि सोळातले सतरात, सतरातले सोळात गेले. सोळातल्या 'माद्या' कधीच मेल्या होत्या. ते मला दिसलं होतं, पण बघायचं नव्हतं.

तशीच दादाकडे गेले. आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती, सत्तराव्या वर्षी, चष्म्याशिवाय.

"हृदयाची तपासणी रद्द केली मी," दादा म्हणाला. "तूच म्हणालीस ना, जगतात म्हणून?"

"ते नर नव्हते, दादा! माझी चूक झाली. तो दोष आईकडून येतो आणि नरांनाच खातो. उद्याच्या उद्या जा. मी येते बरोबर."

बोलून गेले आणि जीभ चावली. आईने सुई बाजूला ठेवली.

"माझ्याकडून?" तिने विचारलं.

"छे गं, ते चिलटांचं बोलतेय ती," दादा घाईघाईने म्हणाला.

आई माझ्याकडेच बघत राहिली. मला तिच्याशी खोटं बोलवेना.

"तरीच," ती म्हणाली. "तीन भाऊ गेले, आणि मला कधी साधा ताप नाही."