माश्या छतावरून पडल्या

माशीच्या पायांवर कोणी पीएचडी करतं का? करतं बाप्पा! मानेवाड्यातली दामिनी करत होती, आणि तिच्या सासूबाई, कुसुमताई, चारचौघांत तिला 'माशीची डॉक्टरीण' म्हणायच्या.

श्रावणातल्या त्या दुपारी दामिनी कॉलेजातून आली, तर बैठकीच्या फरशीवर माश्या पडलेल्या. वर पाहते तर छतावरून आणखी एक टपकली. आधी तिला मौजच वाटली. माशीच्या पायाला दोन नख्या, नख्यांखाली गाद्या, गाद्यांवर बारीक केस, केसांच्या टोकांना तेलकट ओल. कोट्यवधी वर्षांत जमून आलेली पकड ती! काचेवर उलटी चालणारी माशी अशी उगाच पडत नाही. एक उचलून तिने भिंगाखाली धरली. पाय शाबूत होते. म्हणजे खोट पायांत नव्हती, हवेत होती.

तेव्हा कुठे लसणाचा उग्र वास तिच्या नाकात शिरला. श्रावणात या घरात लसूण येतच नसे. हा तर गव्हातली कीड मारायच्या गोळ्यांतून सुटणाऱ्या विषारी वायूचा वास! आतल्या खोलीत गव्हाची कोठी होती, आणि दार लावून कुसुमताई दुपारी तिथेच दामिनीच्या लेकीला, छोट्या हिमानीला, घेऊन निजत.

सकाळी दामिनीनेच घाईत दारातून ओरडून सांगितलं होतं, "आई, त्या गव्हाच्या गोळ्या टाका बरं आजच!" घरात लेकरू आहे, तर ते विष फेकून द्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण टाकणं म्हणजे फेकणं, तसंच गव्हात घालणंही. जळो ती घाई!

तिने दार ढकललं, हिमानीला उचललं आणि अंगणात धाव घेतली. मोकळ्या हवेत पोरीने टाहो फोडला, तेव्हा दामिनीही रडली. मग तिने कुसुमताईंना ओढतच बाहेर आणलं.

"मले मळमळून राहिलं वं," त्या कशाबशा म्हणाल्या.

दवाखान्यात पोर सावरली. डॉक्टरांनी मात्र दामिनीला बाजूला घेऊन सांगितलं, या विषाला उतारा नाही, आजींचं हृदय थकत चाललंय. ती खाटेजवळ गेली. कुसुमताईंनी तोंडावरचा मास्क सरकवला.

"दामिनी, तू म्हटलं तशा टाकल्या ना वं मी गोळ्या? एकही नाही ठेवली."

"हो आई," दामिनी म्हणाली, "बरोबर टाकल्या."