आरशामागे

तरुणांच्या टीव्ही वाहिनीत त्याचं काम एवढंच, की पोरांना काय आवडतं ते हुडकून काढायचं. एक एजन्सी कॉलेजांतून पोरं गोळा करायची, त्यांना टेबलाभोवती बसवून खायला-प्यायला द्यायची आणि एक गोड बोलणारी ताई त्यांना बोलतं करायची. खोलीच्या भिंतीवर मोठा आरसा होता. त्या आरशामागच्या अंधाऱ्या खोलीत वाहिनीची माणसं हेडफोन लावून ऐकत बसत. पोरांना हे आधीच सांगितलेलं असे, पण गप्पा रंगल्या की ती विसरून जात.

बायको वारल्यापासून त्याला हे काम बरं वाटत होतं. समोरचे हसले की हसले असं लिहायचं, गप्प बसले की गप्प. स्वतःला काही वाटायलाच हवं, अशी सक्ती नव्हती.

त्या दुपारी दार उघडलं, मुली आत आल्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत त्याची लेक बसली.

कॉलेजच्या फलकावरची सूचना वाचून आली असणार. घरातलं कोणी टीव्हीत कामाला असेल तर एजन्सी घेत नसे. म्हणजे तिने सरळ थाप मारली होती. त्याच्या शेजारी कार्यक्रम ठरवणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्या वाहिनीत नव्याने आलेल्या, त्याच्या घरचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. ही माझी मुलगी, असं सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात ताईने पोरींना विचारलं, घरी टीव्ही कोणाबरोबर बघता?

एकीने सांगितलं, एकटीच, मोबाइलवर. दुसरी म्हणाली, घरच्यांबरोबर बघणं म्हणजे शिक्षा.

"मी आईबरोबर बघते," लेक म्हणाली. "जेवणं झाली की. पण ती सारखी बोलत असते. हा खोटारडा आहे बघ, ही आता रडणार बघ. मला धड काही ऐकूच देत नाही."

पोरी हसल्या. ताईने बाबांचं विचारलं.

"बाबा असतात तिथेच."

दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर बधिर गाल बोटाने चाचपून बघावा, तसं त्याने स्वतःला चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. बाई मात्र खूश झाल्या. आई आणि मुलीने मिळून बघायची मालिका, हेच तर आपल्याकडे नाही, म्हणाल्या. त्याने मान डोलावली आणि लेकीचं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं.

संध्याकाळी लेक भांडी घासत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आज आरशामागे मी होतो."

तिने नळ बंद केला. वळली नाही.

"रागावलास?"

"नाही."

"तिथे कोणाला आई गेल्याचं माहीत नव्हतं, बाबा. कॉलेजात सगळ्या माझ्याशी जपून बोलतात. तिथे त्या ताईने सहज विचारलं, आणि मला सांगता आलं."

त्याने फडकं घेतलं आणि एकेक ताट पुसून ठेवलं.

सकाळी त्याने बाईंना गाठून सगळं सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, की मुलीचं बोलणं अहवालातून काढू, पण कल्पना चांगली आहे, मालिका करावीशी वाटते. करा, तो म्हणाला. आवाज आपलाच आहे, इतकं त्याला कळत होतं.

त्या दिवशी तो काम आटोपून वेळेवर घरी आला. लेक टीव्हीसमोर पाय वर घेऊन बसली होती. तो नेहमीसारखा कोपऱ्यातल्या खुर्चीत न जाता तिच्या शेजारी टेकला आणि काय चाललंय म्हणून विचारलं. तिने त्याच्याकडे जरा बघितलं, आवाज कमी केला आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. कोण कोणाचा भाऊ, कोणाचं कोणाशी फिसकटलं, यातलं निम्म्याहून अधिक त्याच्या डोक्यावरून गेलं. पण तो उठला नाही.